टाइपरायटरवर कविता लिहायची तर

टाइपरायटर घेऊन कविता लिहावी असं ज्यांच्या मनात घोळतंय त्यांना आधीच सांगायला हवं, की हे यंत्र तुम्हाला कविता सुचवणार नाही. सुचलेली कविता पहिल्या ओळीपासून पुन्हा पुन्हा हाताने घडवायला मात्र ते भाग पाडेल. संगणकावर एक शब्द बदलला तरी बाकीचं पान जागच्या जागी राहतं. टाइपरायटरवर शब्द बदलायचा तर नवा कागद चढवायचा आणि सगळी कविता परत मारायची. कचेरीतल्या टंकलेखकाला हा ताप होता. कवीला याच तापातून सर्वांत जास्त मिळतं, असं माझं ठाम मत आहे, आणि पुढच्या सगळ्या सूचना या एका सवयीसाठी आहेत.

आधी यंत्राचं बघू. गोदरेजने १९५५ मध्ये मुंबईत भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आज तुमच्या हाती येणारं मराठी यंत्र जुनंच असणार, हे गृहीत धरा. सरकारी टंकलेखन परीक्षा संगणकावर गेल्या तसं टायपिंग इन्स्टिट्यूटवाल्यांनी जुनी यंत्रं काढायला सुरुवात केली. चौकशी तिथूनच सुरू करावी. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोरबाजार आहे. पण तिथे यंत्र चालतं की नुसतं दिसतं हे तुम्हालाच पारखावं लागेल. कोर्टाच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात टंकलेखक अजून बसत असतील, तर त्यांची यंत्रं कोण दुरुस्त करतं ते विचारा. मेकॅनिकचा पत्ता आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम पाळा.

यंत्र बघायला जाताना सोबत चार कोरे कागद न्या. कागद लावा आणि प्रत्येक कळ दोनदा दाबा, शिफ्टसह. अक्षराचा दांडा वर जाऊन तिथेच अडकतो का ते बघा. नुसती धूळ असेल तर सफाईने काम भागतं, वाकलेला दांडा मात्र डोकेदुखी असते. कॅरेज डावीकडून उजवीकडे पूर्ण सरकवा. मध्येच अडखळता कामा नये. ओळ संपत आली की घंटी वाजते का? ती कवीला फार लागते. रबरी रोलरवर नख दाबून बघा. दगडासारखा कडक झालेला रोलर कागदाला भोकं पाडतो आणि आवाजही कर्कश करतो. त्यावर घरगुती उपाय म्हणजे लिहायच्या कागदामागे आणखी एक कागद लावणे. रिबन सुकलेली असली तर त्यासाठी यंत्र नाकारू नका, ती बदलता येते. रंगाचं आणि गंजाच्या एखाद्या डागाचंही मनावर घेऊ नका. ऑफिसचं मोठं यंत्र पंधराएक किलोंचं असतं, त्यामुळे ते कुठे ठेवायचं हे आधी ठरवा. रोज कपाटातून काढून टेबलावर ठेवावं लागलं, तर आठवड्याभरात तुमचं लिहिणं बंद पडेल. ते कायम मांडलेलं हवं, खाली जाड घोंगडीचा तुकडा हवा आणि वर कापडी झाकण हवं.

आता कळफलक. इंग्रजी यंत्रावर बसलेल्या हाताला मराठी यंत्र सुरुवातीला विचित्र वाटतं, कारण इथे अक्षरं तुकड्यांतून तयार होतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. मात्रा, उकार, अनुस्वार यांच्या कळांनी कॅरेज पुढे सरकत नाही. बहुतेक यंत्रांवर भ, ख, थ, ध, ण, श, ष यांना अख्खी कळ नसते. त्यांचं अर्धं रूप मारायचं आणि काना देऊन ते पुरं करायचं. आता 'भाषा' हा शब्द मारून बघा. अर्धा भ, काना, पुन्हा काना, अर्धा ष, काना, पुन्हा काना. सहा ठोके, त्यातले चार नुसते कान्याचे. 'मन' मात्र दोन ठोक्यांत होतं. संगणकावर किंवा मोबाइलवर लिहिणाऱ्याला शब्दाच्या अशा बांधणीचा पत्ता नसतो. इथे बोटांना ती कळते. काही दिवसांनी तुमच्या लक्षात येईल की पल्लेदार तत्सम शब्द मारताना हात जरा थांबतो आणि मन विचारतं, हा शब्द खरंच हवाय का? हवा असेल तर मारावाच. पण विचारणा होते हे महत्त्वाचं.

याच बांधणीमुळे एक सावधगिरीही बाळगावी लागते. ओवी-अभंगाच्या अंगाने लिहिणाऱ्यांनी डोळ्यांवर विसंबू नये. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं येतात, पण काना स्वतःची जागा घेतो आणि उकार घेत नाही. त्यामुळे सहा अक्षरांचे दोन चरण कागदावर कमी-जास्त लांब दिसतील. चरण मोजायचा तो म्हणून बघूनच. मुक्तछंदात लिहिणाऱ्याने मात्र ओळीची लांबी जरूर बघावी. मार्जिन हाताने बसवता येतं, तर ते मुद्दाम आत घ्या. नेहमीच्या अर्ध्या रुंदीवर घंटी वाजेल असं करा आणि आठवडाभर तसंच लिहा. घंटी वाजली की ओळ तोडायची की शब्द कमी करायचा, हा निर्णय दर ओळीला घ्यावा लागेल.

अमेरिकन कवी ए. आर. अ‍ॅमन्स यांनी हेच फार मोठ्या प्रमाणावर केलं. बेरजेच्या यंत्राला लागते ती अरुंद कागदी पट्टी त्यांनी टाइपरायटरमध्ये घातली आणि ६ डिसेंबर १९६३ पासून १० जानेवारी १९६४ पर्यंत तिच्यावर रोजनिशीसारखी एक सलग दीर्घकविता लिहिली. ओळ किती लांब असावी ते पट्टीच्या रुंदीने ठरवलं, कविता कुठे संपावी ते तिच्या लांबीने. १९६५ मध्ये 'टेप फॉर द टर्न ऑफ द इयर' या नावाने ती पुस्तकरूपात आली. तुम्हालाही हा प्रयोग करता येईल. स्टेशनरीच्या दुकानात कागदाचे रोल मिळतात, फक्त बिलाच्या मशीनचा थर्मल रोल घेऊ नका. त्यावर रिबनची शाई नीट धरत नाही आणि उन्हात कागद काळा पडतो. साधा कागद मागून घ्या. एक रोल संपेपर्यंत रोज थोडं लिहायचं, मागे जाऊन खोडायचं नाही. एरवी कवितेत न येणाऱ्या गोष्टी, दूधवाल्याचा हिशोब, शेजारची फोडणी, न आलेला फोन, त्या पट्टीवर आपोआप येतात.

दुसरं उदाहरण अमेरिकन कवी लॅरी आयग्नर यांचं, आणि मला ते सर्वांत मोलाचं वाटतं. जन्माच्या वेळी झालेल्या इजेमुळे त्यांना सेरेब्रल पाल्सी झाली होती. १९४० मध्ये, किशोरवयात, त्यांना एक रॉयल टाइपरायटर भेट मिळाला. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा एवढ्यावरच त्यांनी आयुष्यभर टंकन केलं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्वॅम्पस्कॉट गावी, आई-वडिलांच्या घरी बसून, खिडकीतून दिसणारे पक्षी, झाडं, रस्ता, आभाळ यांवर ते लिहीत राहिले. त्यांच्या ओळी पानावर हळूहळू उजवीकडे सरकत जातात, मध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा असतात. एकेक कळ शोधून दाबणाऱ्या माणसाने ती मोकळी जागासुद्धा एकेक ठोका देऊन केलेली आहे. त्यांच्या समग्र कविता २०१० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने चार खंडांत काढल्या तेव्हा ही अंतरं बिघडू नयेत म्हणून प्रत्येक अक्षर सारख्याच जागेत बसेल असा, टाइपरायटरसारखा टंक वापरला. तीन हजारांवर कविता आहेत त्या.

यातून आपण घ्यायचं ते असं : स्पेसबारचा ठोकासुद्धा अक्षराइतकाच जाणूनबुजून मारावा. अमेरिकन कवी चार्ल्स ऑल्सन यांनी १९५० च्या 'प्रोजेक्टिव्ह व्हर्स' या निबंधात म्हटलं होतं की संगीतकाराला स्वरलिपीत जी सोय असते ती टाइपरायटरमुळे कवीला मिळाली, कारण कुठे थांबायचं आणि किती, हे तो अंतरातून दाखवू शकतो. मराठीत आपण थांबण्यासाठी टिंबं टाकतो, तीन-तीन, चार-चार. टाइपरायटरवर ती सवय सोडून बघा. टिंबांऐवजी पाच मोकळे ठोके द्या आणि कविता मोठ्याने वाचा. टिंबांमुळे आलेला भावुकपणा बऱ्याचदा तिथेच गळून पडतो.

रोज कधी बसावं? ज्याला जेव्हा जमेल तेव्हा, पण वेळ ठरलेली असावी आणि आवाजाचा विचार करावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पहाटे पाचला ठोके देऊ नयेत, शेजाऱ्यांचाही सकाळवर हक्क आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी फ्रँक ओहारा यांचं उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात नोकरी करत असताना जेवणाच्या सुट्टीत शहरात भटकायचं आणि त्या भटकंतीतून कविता करायची, असा त्यांचा रिवाज होता. त्यांच्या १९६४ च्या संग्रहाचं नावच 'लंच पोएम्स' आहे. अर्धा तास पुरतो. त्यातली पहिली पाच मिनिटं नुसतं काल मारलेलं पान पुन्हा वाचण्यात घालवावीत.

आता मुख्य काम, म्हणजे पुन्हा मारणं. पहिला खर्डा वेगाने मारा. चुका झाल्या तर मागे जाऊन त्यावर आडव्या रेघांचे ठोके द्या, व्हाइटनर लावू नका. खोडलेला शब्द दिसत राहिला पाहिजे, कारण चौथ्या खर्ड्यात तोच परत हवासा वाटतो. पान काढा. रात्रभर ते रोलरमध्ये ठेवू नका, कागद गोल वळतो. दुसऱ्या दिवशी पेन्सिलने दुरुस्त्या करा आणि मग मूळ पान डाव्या हाताला ठेवून पूर्ण कविता नव्या कागदावर मारा. दुरुस्ती एकाच ओळीत असली तरी पूर्ण. बरोबर असलेल्या ओळीसुद्धा बोटांखालून जाऊ द्या.

असं का करायचं, ते एका ओळीवरून दाखवतो. समजा, पहिल्या खर्ड्यात हे आलं :

रात्री शेवटची एसटी निघून गेल्यानंतर रिकाम्या स्टँडवर एक उदास शांतता पसरून राहते

वाचताना हे बरं वाटतं. दुसऱ्यांदा मारायला घेतलं की हात 'निघून गेल्यानंतर'पाशी रेंगाळतो, 'पसरून राहते'ला कंटाळतो. 'शेवटची' म्हटल्यावर 'रात्री' कशाला? दुसऱ्या पानावर उरतं ते असं :

शेवटची एसटी गेल्यावर
स्टँडवर उदास शांतता

आटोपशीर झालं, पण 'उदास शांतता' हा शिक्का तसाच आहे. स्टँडवर काय दिसत होतं ते अजून सांगितलेलंच नाही. तिसऱ्यांदा मारताना तो शब्दप्रयोग पुन्हा टंकायची इच्छा होत नाही, आणि तेव्हा कुठे मन त्या जागी परत जाऊन बघतं :

शेवटची एसटी गेली.
कुणाचं तरी तिकीट
तीन नंबरच्या फलाटावर
अजून फिरतंय.

उदासी आता वेगळी सांगावी लागत नाही. ही सुधारणा वहीतही होऊ शकली असती, हे खरं. पण वहीत आपण नकोसा शब्द नुसता वाचतो आणि माफ करून पुढे जातो. यंत्रावर तो सहा-सात ठोके देऊन परत मिळवावा लागतो. ज्या शब्दासाठी पुन्हा ठोके द्यायला हात तयार होत नाही, तो शब्द बहुधा नकोच असतो. तीन-चार वेळा पूर्ण मारूनही ज्या ओळीला हात अडखळत नाही, ती ठेवावी.

खर्डे फेकू नका. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख मारा, एका कवितेचे सगळे खर्डे टाचणीने एकत्र लावा आणि बॉक्स फाइलमध्ये ठेवा. शेवटची फेअर कॉपी मारताना कार्बन घाला. दिवाळी अंकाला कविता पाठवायची असेल तर ती युनिकोडमध्ये टंकून द्यावी लागेलच. संपादकाने टाइप केलेल्या पानाचा फोटो चालवून घ्यावा अशी अपेक्षा करू नये. हे शेवटचं टंकनही आणखी एक खर्डा समजा. अंतरं मोजून पाठवा आणि ती पाळावीत असं पत्रात लिहा.

अमेरिकेतल्या काही शहरांत कवी बाजाराच्या कडेला घडीच्या टेबलावर छोटा टाइपरायटर मांडून बसतात. येणारा-जाणारा विषय देतो, कवी तिथल्या तिथे कविता मारून हातात ठेवतो. आपल्याकडेही हे करावंसं ज्यांना वाटतं त्यांना मी जरूर करा म्हणेन. फुटपाथवर बसायला पालिकेची परवानगी लागते, म्हणून सुरुवात वाचनालयात, कॉलेजात, सोसायटीच्या आनंदमेळ्यात करावी. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन तर यासाठी उत्तमच. पण तिथे एक गोष्ट सांभाळावी लागते. लोक मोठे विषय देतात : आई, प्रेम, पाऊस, जीवन. त्यावर लगेच लिहायला घेऊ नका, आधी विचारा.

"काकू, आई म्हटलं की घरातली कुठली जागा आठवते?"

"स्वयंपाकघर, आणखी कुठली!"

"तिथे त्यांच्या हाताशी सारखं काय असायचं?"

"रॉकेलचा स्टो होता. सारखी पिन मारायची ती."

आता कविता पिनेची लिहा. समोरच्या बाईंना आईवरच्या कवितेहून ती जास्त आपली वाटेल, कारण ती दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. लहान ठेवा, आठ-दहा ओळी. यात दुसरा खर्डा नसतो, म्हणून ज्याने घरी पुन्हा मारण्याची सवय लावून घेतली आहे त्यानेच या टेबलावर बसावं. ती शिस्त नसेल तर यमकं जुळवून दिली जातात आणि माणूस रिकाम्या हाताने परत जातो. मोबदला ऐच्छिक ठेवा. कार्बन प्रत स्वतःकडे ठेवायची असेल तर आधी विचारा, पिनेची आठवण त्यांची आहे. आणि कागद हातात देण्याआधी कविता एकदा त्यांना वाचून दाखवा.

देखभालीचं थोडक्यात. अक्षरांचे ठसे जुन्या टूथब्रशने, थोड्या स्पिरिटने साफ करावेत; ठशात मळ बसला की 'व' आणि 'ब' सारखेच दिसू लागतात. ज्या खाचांतून दांडे वर येतात तिथे तेल अजिबात घालू नये, धूळ चिकटून दांडे आखडतात. मशीनच्या तेलाचा थेंब लागलाच तर कॅरेजच्या रुळांना, तोही पुसून. बरेच दिवस वापर नसेल तर कागद धरणारी पकड सैल करून ठेवा, म्हणजे रोलर एका बाजूने चपटा होत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, झाकणाखाली सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. याहून मोठं काही बिघडलं तर स्वतः स्क्रू खोलू नका, मेकॅनिककडे न्या आणि तो काम करताना शेजारी बसून बघा. या कामात त्यांची उमर गेलेली असते आणि विचारणाऱ्याला ते मनापासून शिकवतात.

तुमच्या तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट अजून उघडी असेल, तर या महिन्यात तिथे एकदा जाऊन या. चालकांशी बोला, मराठी यंत्रं किती आणि कुठल्या अवस्थेत आहेत ते बघा, एखाद्यावर बसून चार ओळी मारून बघा. विकायची नसतील तर तासाभरासाठी यंत्र वापरू द्याल का, असं विचारा. कविता लिहायला स्वतःचंच यंत्र हवं असं काही नाही. आणि निघताना तुमचा फोन नंबर लिहून द्या. ही यंत्रं भंगारात किलोच्या भावाने जातात, तेव्हा त्याआधी आपल्याला कळवायला सांगा.